स्पितीला एकटीनं : साताऱ्यातल्या एका आराखड्याचं प्रकरण

बाई साताऱ्यातल्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवतात. वय ४७. रोज पहाटे अजिंक्यताऱ्यावर मंगळाईपर्यंत जाऊन येतात, सुट्टीच्या दिवशी यवतेश्वरचा घाट पळत चढतात, साताऱ्याची हिल मॅरेथॉनही धावल्यात. मिस्टर वीज मंडळात, मुलगा पुण्याला शिकायला, घरी सासूबाई. त्यांना हिमाचलातल्या स्पितीला जायचं होतं आणि एकटीनंच जायचं होतं. "ग्रुपबरोबर गेले की मी माणसं मोजत बसते, सहल कुठली आणि शाळा कुठली," असं त्यांचं म्हणणं. मला ते पटलं.

माझ्या मुलीला त्यांनी शिकवलंय. किन्नौर-स्पितीकडं माझं जाणं-येणं असतं हे तिच्याकडून कळल्यावर त्या जानेवारीत वही घेऊन घरी आल्या. नाव नको म्हणाल्यात, बाकी लिहायला हरकत नाही म्हणाल्यात.

पहिला आराखडा

वहीत होतं ते असं : दिल्लीहून रात्रीच्या बसनं मनाली, एक दिवस आराम, दुसऱ्या दिवशी टॅक्सीनं कुंझुम खिंड ओलांडून स्पितीतलं मुख्य गाव काझा, तिथून वरच्या लांगझा गावात मुक्काम, येताना चंद्रताल सरोवर, परत मनाली. मोबाईलवरच्या व्हिडिओंत निम्मे लोक असंच जातात. तरुण पोरं उड्या मारत जातात आणि निम्मा प्रवास खिडकीला डोकं टेकून काढतात, तेवढा भाग व्हिडिओत येत नाही.

पहिली अडचण सुट्टीची. शिक्षकाला मोकळा वेळ मिळतो तो मे आणि जूनचा पहिला पंधरवडा. कुंझुम ४५५१ मीटरवर आहे. बर्फ हटवून रस्ता कधी मोकळा होईल ते त्या वर्षीच्या बर्फावर ठरतं. कधी मेअखेर, कधी जून उजाडतो. शाळेची सुट्टी त्याची वाट बघत नाही. म्हणजे मनालीकडून जायचं ठरवलं, तर मनालीत बसून रस्ता उघडायची वाट बघण्यातच सुट्टी सरायची.

पण समजा रस्ता उघडा मिळाला, तरी हा आराखडा मी मोडलाच असता. मनाली साधारण २०५० मीटर, काझा ३६५० च्या आसपास, लांगझा ४४००. एका दिवसात झोपायची उंची सोळाशे मीटरनं वाढते आणि पुढच्या रात्री आणखी साडेसातशे. डॉक्टरांचा सर्वसाधारण नियम असा, की ३००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त चढवायची नाही, आणि तीन-चार दिवसांनी एक मुक्काम आहे तिथंच वाढवायचा. दिवसा कुठंही चढून या. रात्री शरीर कुठं टेकतं त्याला महत्त्व.

"दादा, मी रोज किल्ला चढते," बाई म्हणाल्या.

अजिंक्यतारा हजार मीटरच्या आसपास. कासचं पठार बाराशे. आणि कळसूबाई, जिच्यावर महाराष्ट्र संपतो, ती १६४६. बाईंनी कितीही घाट चढले तरी विरळ हवेचा सराव होईल एवढी उंच जमीनच आपल्या राज्यात नाही. दम चांगला असणं आणि शरीरानं उंचीशी जुळवून घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उलट दणकट माणूस पहिल्याच दिवशी भराभर चढतो आणि लवकर पडतो. बाई विज्ञानाच्या असल्यामुळे पुढचं मला सांगावं लागलं नाही. हवेत ऑक्सिजन काझ्यालाही २१ टक्केच, पण हवेचा दाबच समुद्रसपाटीच्या साधारण पासष्ट टक्क्यांवर आलेला. हे गणित त्यांनी माझ्यासमोर वहीच्या मागच्या पानावर केलं, आणि लांगझाच्या मुक्कामाभोवती गोल करून प्रश्नचिन्ह काढलं. ते प्रश्नचिन्ह पुढं बरंच भांडण करणार होतं.

मे की जुलै

मग त्यांनी विचारलं, जुलैत रजा काढून गेले तर? स्पितीत म्हणे पाऊसच पडत नाही.

खरं आहे. महाबळेश्वर ढगांचं पाणी पिऊन टाकतं आणि माण तालुका कोरडा राहतो, तसंच तिथं आहे. स्पिती म्हणजे हिमालयाच्या आडोशाला बसलेलं दहिवडी. पण दहिवडीला जायला साताऱ्याहून कोरडा रस्ता आहे. स्पितीला जायचे दोन्ही रस्ते जणू महाबळेश्वरातून जातात. २५ जुलै २०२१ ला किन्नौरच्या सांगला खोऱ्यात बटसेरीला डोंगरावरून दगड आले आणि नऊ पर्यटक गेले. सतराच दिवसांनी, ११ ऑगस्टला, निगुलसरीजवळ दरड भर महामार्गावर आली, तिच्याखाली प्रवाशांनी भरलेली बस सापडली. जुलै २०२३ मध्ये चंद्रतालला जवळपास तीनशे पर्यटक बर्फात अडकून पडले होते. खालचा पाऊस आणि वरचा बर्फ एकाच फेऱ्यातले.

तेव्हा मे ठरला, आणि मे ठरला की रस्ताही ठरला : सिमल्याहून किन्नौरमार्गे जायचं आणि आलेल्याच वाटेनं परतायचं. गोल फेरीचा हट्ट सोडायचा. बाईंना चंद्रताल सोडणं जड गेलं. पण किन्नौरची वाट हळूहळू चढते, आणि एकट्या माणसाला तेच हवं असतं.

मुक्कामांची शिडी

सातारा स्टेशन माहुलीला. तिथून गोवा एक्स्प्रेसनं थेट हजरत निजामुद्दीन. दिल्लीहून बसनं सिमला, २२०० मीटर. पुढं रेकाँग पेओ, आणि पेओच्या डोक्यावर कल्पा, २९६० मीटर. कल्प्याला दोन रात्री.

पुढचा टप्पा जरा विचार करून ठरवला. सगळे जण नाकोला थांबतात. नाको ३६०० च्या वर आहे, म्हणजे कल्प्याहून एकदम साडेसहाशे मीटर. त्याऐवजी पेओहून सकाळी सुटणारी काझ्याची बस धरून नाको नुसतं पार करायचं आणि ३२८० मीटरवरच्या ताबोला उतरायचं. ताबोचा मठ ९९६ सालचा, मातीच्या भिंतींच्या आत हजार वर्षांची चित्रं. तिथं दोन रात्री काढणं ही काही शिक्षा नाही. मग काझा, चार रात्री. तिथून दिवसा कीचा मठ, किब्बर, लांगझा, हिक्कीम बघून संध्याकाळी खाली काझ्याला झोपायला.

ही वाट एका जागी फसवते, आणि ते नकाशावर दिसत नाही. उंचीचा त्रास झाला तर खाली उतरा, असं सगळे सांगतात. काझ्याहून खाली म्हणजे कुठं? रस्ता सुमदोपर्यंत उतरतो, चांगोला ३००० च्या आसपास येतो आणि मग पुन्हा नाकोच्या ३६०० वर चढतो. त्यानंतर खाबला, सतलज आणि स्पितीच्या संगमाकडं कोसळतो. म्हणजे आजारी माणसाला घेऊन पेओच्या मोठ्या दवाखान्याकडं निघालात, तर मध्ये एक कुबड ओलांडावं लागतं. काझा ते पेओ दोनशे किलोमीटर, बसला अख्खा दिवस. शिवाय कुंझुम बंद असताना काझ्याचा स्वतःच्याच जिल्ह्याच्या ठिकाणाशी, केलाँगशी, रस्त्यानं संबंध तुटलेला असतो. म्हणून वहीत 'खाली' या शब्दापुढं गावांची नावं लिहिली : काझ्याहून ताबो, तेही पुरलं नाही तर चांगो. नाको नाही.

डॉक्टर

हा भाग थोडक्यात सांगतो, कारण जे करायचं ते घरच्या डॉक्टरांनी केलं. रक्त, साखर, बीपी, ईसीजी. मॅरेथॉन धावणाऱ्या बाईंचं हिमोग्लोबिन निघालं ९.८. बाईंनाच धक्का बसला. ऑक्सिजन वाहून न्यायच्या गाड्याच कमी, आणि निघाल्या होत्या ऑक्सिजन कमी असलेल्या मुलखात. जानेवारीतच कळलं म्हणून कारण शोधून गोळ्या सुरू करायला तीन महिने मिळाले. एप्रिलअखेर आकडा १२ ला टेकला. एप्रिलमध्ये तपासलं असतं तर हा प्रवास रद्दच करा म्हणालो असतो.

डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, डॉक्टरांनी सल्फाची ॲलर्जी आहे का ते विचारून लिहून दिली. सकाळ-संध्याकाळ १२५ मिलिग्रॅम, वर चढायच्या आदल्या दिवसापासून. साताऱ्यातच दोन दिवस घेऊन बघा म्हणाले. बोटांना मुंग्या आल्या, लघवीला सारखं जावं लागलं आणि पोवई नाक्यावर प्यायलेला सोडा बेचव, नुसत्या पाण्यासारखा लागला. हे सगळं त्या गोळीचंच. तिकडं पहिल्यांदा अनुभवलं असतं तर बाई घाबरल्या असत्या.

कागद

आता या प्रकरणातला मुख्य भाग.

ग्रुपमध्ये असताना कुणीतरी विचारतं, अगं, तू गप्प का? जेवली का नाहीस? एकटीला हे विचारायला कुणी नसतं. आणि उंचीवर बिघाड होतो तो आधी डोक्यातच. चिडचिड होते, नाहीतर उगीच उत्साह येतो, 'मला काही झालेलं नाही' असं ठामपणे वाटतं. जे डोकं निर्णय घेणार तेच बिघडलेलं, असा पेच. त्यावर माझ्या मते एकच उपाय आहे : निर्णय साताऱ्यात, डोकं ठिकाणावर असताना घ्यायचे, लिहून ठेवायचे आणि वर गेल्यावर फक्त वाचायचे.

बाईंनी एका फुलस्केपवर स्वतःच्या अक्षरात लिहिलं. मी सुचवलं, पण वाक्यं त्यांची. त्यातली काही देतो :

"डोकं दुखतंय आणि सोबत मळमळ, चक्कर, भूक नसणं, गळून जाणं यातलं एक जरी असेल, तर उद्या वर जायचं नाही. डोकेदुखीची गोळी न घेता सलग २४ तास डोकं शांत राहिल्यावरच पुढं."

"रोज झोपायच्या आधी टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत दहा पावलं. तोल गेला, किंवा बसल्या जागी धाप लागली, तर सकाळची वाट बघायची नाही. घरमालकांना उठवायचं आणि खाली."

"दरड पडत असेल तर चालत पलीकडं जायचं नाही. सगळे जात असले तरी."

"परतीचं तिकीट जळलं तर जळू दे."

शेवटचं वाक्य गमतीचं वाटेल, पण डोंगरात माणसं दगडापेक्षा कन्फर्म तिकिटापायी जास्त धोका पत्करतात. मे महिन्यात गोवा एक्स्प्रेसचं तिकीट मिळवणं म्हणजे काय ते सातारकरांना सांगायला नको. साठ दिवस आधी बुकिंग उघडल्या उघडल्या काढलेलं तिकीट सोडवत नाही. म्हणून परतीत दोन दिवस कोरे ठेवले, आणि तेही संपले तर किती रुपयांवर पाणी सोडायचं तो आकडाच कागदावर टाकला.

कोविडच्या वेळचा ऑक्सिमीटर कपाटातून निघाला. त्याच्याबद्दल एकच ओळ लिहिली : बोट गरम करून मोज, आणि आकड्यापेक्षा डोकं काय म्हणतंय ते बघ. त्या उंचीवर ८७-८८ हा आकडा धडधाकट माणसाचाही येतो. साताऱ्यात हा आकडा बघितला असता तर आपण ॲम्ब्युलन्स बोलावली असती.

मुलाला परदेशातून सॅटेलाइटवर चालणारं निरोपाचं यंत्र मागवायचं होतं. त्याला थांबवलं. आपल्या देशात दूरसंचार खात्याच्या परवान्याशिवाय असलं यंत्र बाळगणं बेकायदा आहे, आणि ही वाट तर सीमेजवळून जाते. त्याऐवजी साधी रीत ठेवली. रोज रात्री नऊपर्यंत निरोप. एक रात्र चुकली तर काही नाही, तिकडं रेंज जातेच. दुसऱ्या दिवशी रात्री नऊपर्यंतही काही आलं नाही, तर मिस्टरांनी आधी मागच्या मुक्कामाच्या घरी फोन करायचा, मग पुढच्या, आणि तिथूनही पत्ता लागला नाही तर त्या जिल्ह्याचा एसटीडी कोड लावून १०७७, हा आपत्ती कक्षाचा नंबर.

कागदाची दुसरी प्रत साताऱ्यात फ्रिजवर लागली. मिस्टरांना काम एवढंच : बाईंचा फोन आला की सल्ला द्यायचा नाही, काळजी करायची नाही, फक्त कागद वाचून दाखवायचा. वीज मंडळातला माणूस. लाइन बंद केल्याचा परमिट हातात आल्याशिवाय खांबावर चढायचं नाही, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. मला वाटतं या सगळ्या आराखड्यात त्यांच्याइतकं पक्कं काही नव्हतं.

प्रत्यक्षात

कल्प्यापर्यंत सगळं सुरळीत. ताबोला पहिल्याच रात्री डोकं धरलं आणि जेवण नकोसं झालं. घरमालकिणीनं तंदूर पेटवला होता (तिकडं खोली गरम करायच्या पत्र्याच्या शेगडीला तंदूर म्हणतात), थुक्पा (शेवयांचं गरम सूप) समोर ठेवला होता, आणि बाईंना वाफेचा वासही सोसेना. ऑक्सिमीटरवर ८६. दहा पावलं मात्र सरळ पडली. दुसरा दिवस तसाही ताबोतच होता. दुपारी डोकं उतरलं, संध्याकाळी सोबतच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी पोटात गेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी काझ्याला निघायचं होतं. शेजारच्या खोलीत दिल्लीचं एक जोडपं, मोठी गाडी, मागची सीट रिकामी. "दीदी, हमारे साथ चलो, बस में क्यों धक्के खाओगी." बाईंना एकदम ताजंतवानं वाटत होतं. पिशवी भरून झाली होती. फक्त २४ तासांचा हिशेब बसत नव्हता. डोकं थांबून जेमतेम अठरा तास झाले होते. त्यांनी घरी फोन लावला. म्हणाल्या, सहा तासांनी काय होतंय?

मिस्टर म्हणाले, "कागदात काय लिहिलंय?"

बाई मला नंतर म्हणाल्या की त्या क्षणी त्यांना नवऱ्याचा भयंकर राग आला होता. इतका राग आपल्याला सहसा येत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी पिशवी उघडली. एक कोरा दिवस तिथं गेला. गाडी निघून गेली. बाई ताबोच्या वरच्या गुहांपर्यंत सावकाश जाऊन आल्या. ते जोडपं पुढं सुखरूप असेलही; न थांबणाऱ्या प्रत्येकाला त्रास होतोच असं नाही, म्हणूनच हा नियम पाळायला जड जातो.

काझ्याचे दिवस चांगले गेले. लांगझा, हिक्कीम, कॉमिक एकाच दिवसात झालं. हिक्कीमचं टपाल कार्यालय १९८३ पासून ४४०० मीटरवर चालू आहे. बाईंनी वर्गातल्या पोरांचे घरचे पत्ते लिहून नेले होते. थंडीत बॉलपेन चालेना, तेव्हा ते काखेत धरून गरम करत त्यांनी कार्डं लिहिली. प्रत्येक कार्डावर एकच प्रश्न : इथं पाणी ८६ अंशांच्या आसपास उकळतं, तर डाळ का शिजत नाही? उत्तरं जूनमध्ये वर्गात द्यायची.

परतताना चांगोच्या पुढं, मलिंग नाल्यापाशी बस थांबली. वरून दगड येत होते. अशा वेळी तिकडं लोक सामान डोक्यावर घेऊन दरड ओलांडतात आणि पलीकडं उभ्या असलेल्या बसनं पुढं जातात. गावच्या लोकांच्या अंगवळणी पडलंय. निम्मी बस उतरून गेली. त्यांना काही झालं नाही. बाई ड्रायव्हरबरोबर मागं चांगोला आल्या आणि सफरचंदाच्या बागेतल्या एका घरी राहिल्या. दुसरा कोरा दिवस तिथं गेला. त्यांच्या फोनला रेंज नव्हती.

साताऱ्यात काय झालं ते जास्त शिकण्यासारखं आहे. निरोप न येण्याची पहिली रात्र मिस्टरांनी कागदाप्रमाणे काढली. सकाळी टीव्हीवर हिमाचलात कुठंतरी दरड कोसळल्याची बातमी लागली. ती चंब्याकडची होती, म्हणजे पार दुसऱ्या टोकाला. पण सासूबाईंनी कराडच्या लेकीला फोन केला, लेकीनं वाईला, आणि दुपारपर्यंत घरात चुलत सासऱ्यांसकट सात माणसं आणि सात मतं जमली. एक जण तर दिल्लीच्या तत्काळ तिकिटासाठी राजवाड्यावर पोचला होता. मिस्टर फ्रिजला पाठ लावून रात्रीचे नऊ वाजायची वाट बघत बसले. नऊला त्यांनी काझ्याच्या घरमालकाला फोन लावला. त्यानं पाच मिनिटांत चांगोला कुणालातरी विचारून सांगितलं : मॅडम ठीक आहेत, खाना खा रही हैं.

नऊपर्यंत थांबणं बरोबर होतं का, यावर घरात अजून दोन पक्ष आहेत. माझं मत : मागच्या मुक्कामाला फोन करायला २४ तास थांबायची गरज नाही. त्यानं कुणाचं काही अडत नाही. थांबायचं ते १०७७ ला, कारण तिथं प्रत्येक खोट्या हाकेपायी खऱ्या हाकेला उशीर होतो. बाईंनी नव्या कागदात पहिला फोन सकाळी नऊला केलाय. आणि एक ओळ वाढवलीय : नातेवाइकांना काय सांगायचं ते एकाच माणसानं सांगायचं, आणि तो माणूस सासूबाई नव्हेत.

गाडी मिळाली. दिल्लीला पोचल्यावर हातात चार तास उरले होते. दोन्ही कोरे दिवस पुरते वापरले गेले, म्हणजे ते जास्त नव्हते. पुढच्या वेळी तीन ठेवायचे असं ठरलंय.

लांगझाच्या मुक्कामावरून मात्र आमचं अजून जमलेलं नाही. बाई म्हणतात, काझ्याला चार रात्री काढल्यावर किब्बरला एक आणि मग लांगझाला एक रात्र घ्यायला काय हरकत आहे? मी म्हणतो, काझ्याहून किब्बर म्हणजेच सहाशे मीटर, ५०० च्या नियमात ते बसत नाही, आणि मे महिन्यात त्या गावांत रात्री गाडी मिळायची खात्री नाही. त्या म्हणतात, मग गाडीवाल्याला रात्रभर तिथंच थांबवून घेते, पैसे देते. हे उत्तर वाईट नाही. ड्रायव्हर राहायला तयार होईल का, ते आता काझ्याच्या घरमालकाला विचारायचंय.